आपटेकर सरांची टीप : मला विचारा

आधीच सांगून टाकते. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला शिव्या घालते, नशिबाला नाही. या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतेय ते जेवताना करमणूक म्हणून. पांढऱ्या साडीतली बाई, अमावस्या, वळणावरचा वड... आणि खाली सगळ्यांचं "बाप रे, अंगावर काटा आला". माझ्या अंगावर कधी काटाबिटा आला नाही. त्यामुळे आता मीच लिहायला बसलेय याची मला जरा लाजच वाटतेय, पण ऑफिसातली नाझनीन म्हणाली, मॅडम लिहाच, नाहीतर लोक म्हणतील आपण दोघी एकदमच पागल झालो होतो.

आणि हो, माझ्या अनुभवात रात्र नाही. दुपारचे पावणेतीन, डबा खाऊन झालेला, कारल्याची भाजी.

मी मनीषा, वय त्रेचाळीस. पनवेलला वडाळे तळ्याजवळ एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या, चार टेबलं. मालक शेट्ये साहेब, मी, नाझनीन, आणि चौथं टेबल आपटेकर सरांचं. सर गेल्या वर्षी गेले. झोपेतच गेले, सत्त्याहत्तराव्या वर्षी. टेबल मात्र आम्ही तसंच ठेवलं होतं, म्हणजे त्यावर कुरियरची पाकिटं टाकत होतो.

सर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, मूळचे आपट्याचे. रसायनीला एका कारखान्यात आयुष्य काढलं, तिथेच फोरट्रान नावाची पुरातन भाषा शिकले, आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. करंज्याच्या एका मच्छीमार सोसायटीसाठी त्यांनी सॉफ्टवेअर लिहिलं — कोणती बोट गेली, कोणती आली, भरती कधी, ओहोटी कधी. रोजच्या रोज परतणाऱ्या छोट्या बोटी. सरांनी भरतीचं गणित फोरट्रानमध्ये लिहिलं, बोटींचं रजिस्टर सी मध्ये लिहिलं. पुढे मी त्यावर जावा चढवलं, नाझनीनने पायथन. चार भाषांची खिचडी, पण चालायची. आमचं ऑफिस त्या एका कामावरच उभं होतं.

आता सोसायटीत नवे सेक्रेटरी आले. तरुण, कडक. ते म्हणाले, तुमचा म्हातारा माणूस गेला, उद्या तुम्हीही गेलात तर आम्ही कोणाच्या नावाने बोंब मारायची? सोमवारी सकाळी अकरापर्यंत सगळ्या प्रोग्रामचं डॉक्युमेंटेशन द्या, म्हणजे कोणता भाग काय करतो ते लिहून द्या. नाहीतर काम पुण्याच्या कंपनीला. शिवाय एक खास तक्रार होती. संध्याकाळी रजिस्टर बंद करताना सॉफ्टवेअर कधी कधी अठरा मिनिटं नुसतं लटकतं. ते का लटकतं ते सांगा, नाहीतर काढून टाका.

काम गेलं की ऑफिस बंद, हे शेट्ये साहेबांनी आम्हाला हात जोडून सांगितलं. नाझनीन कुठेही लागेल. पण त्रेचाळिसाव्या वर्षी, फोरट्रान निस्तरणाऱ्या बाईला कोण विचारतंय? शिवाय घरी दहावीतली मुलगी. पुणं-बंगळुरू माझ्याने होणार नव्हतं.

डॉक्युमेंटेशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्रामचे छोटे छोटे भाग असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. शहाणा प्रोग्रामर प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर साध्या भाषेत एक टीप लिहितो, हे अमुक करतं म्हणून. आणि एक फुकटचं टूल मिळतं, ते चारही भाषांमधल्या टिपा गोळा करून त्यांची छान पानं बनवून देतं. टीप असेल तर पान भरलेलं, नसेल तर कोरं. टूलला स्वतःची अक्कल नाही. आणि कोणीतरी म्हणेलच म्हणून सांगते, त्यात एआय वगैरे काहीही नव्हतं. सोसायटीचा कोड इंटरनेटवर न्यायचा नाही अशी अट होती, त्यामुळे ते मशीन नेटला जोडलेलंच नव्हतं.

बुधवारी दुपारी टूल चालवलं. सरांची अठ्ठेचाळीस फंक्शनं होती. अठ्ठेचाळीस पानं निघाली, आणि प्रत्येकावर एकच ओळ.

MALA VICHARA — APTEKAR.

सर तसेच होते. लिहून ठेवायचे नाहीत. काही अडलं तर त्यांच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं, नीट एक प्रश्न विचारायचा. मग ते चष्मा काढणार, "चहा झाला का?" विचारणार, झाला म्हटलं की उत्तर देणार. एका वेळी एकच प्रश्न. ईमेल केला तर उत्तर नाही. मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं बसले आणि कामापुरतंच विचारलं. बाकीचं निवांत विचारू म्हटलं, आणि ते निवांत काही आलंच नाही. त्याचं वाईट वाटत होतंच, पण त्या क्षणी खरं सांगायचं तर राग आला.

मी खुर्ची त्यांच्या रिकाम्या टेबलाकडे वळवली आणि भांडणाच्या सुरात म्हटलं, "विचारते ना. सांगा, हे भरती-दोन काय करतं? भरती-एक असताना दुसरं कशाला?"

नाझनीन हसली. तिला पानांचा रंग बदलायचा होता म्हणून तिने टूल पुन्हा चालवलं. सत्तेचाळीस पानं तशीच. भरती-दोनच्या पानावर मात्र आठ ओळी. सगळं रोमन कॅपिटलमध्ये, सर लिहायचे तसं, मी इथे देवनागरीत देतेय.

"चहा झाला का? भरती-एक पुस्तकातली. भरती-दोन करंज्याच्या खाडीच्या तोंडावरची. पुस्तक आणि पाणी यांचं जमत नाही. गाळामुळे पाणी उशिरा चढतं..." आणि खाली सगळं गणित, पायरी पायरीने.

मी नाझनीनकडे बघितलं, तिने माझ्याकडे. ती म्हणाली, अल्ला कसम मॅडम, मला फोरट्रानचा फ येत नाही. मूळ कोड उघडला. तिथे अजूनही मला विचारा एवढंच. कोडमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते, तीही बघितली. सर गेल्यापासून त्या फाइलला कोणी हात लावला नव्हता. मग टूल तरी ही टीप कुठून वाचत होतं?

दुसऱ्या फंक्शनबद्दल मोठ्याने विचारलं. टूल चालवलं. पानावर फक्त "चहा झाला का?" एवढंच, पुढे काही नाही. मग नाझनीन उठली, खालून दोन कटिंग घेऊन आली, आम्ही मुकाट्याने प्यायलो आणि पुन्हा विचारलं. या वेळी पूर्ण उत्तर आलं.

शेट्ये साहेबांना बोलावलं. वाटलं होतं घाबरतील. त्यांनी पानं वाचली आणि म्हणाले, मग थांबलात कशाला, विचारा की. धंदेवाईक माणूस. स्वतःच टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, सर, प्लीज उरलेल्या सगळ्यांचं एकदम अपडेट देऊन टाका. टूल चालवलं. उरलेल्या सगळ्या पानांवर दोनच शब्द आले.

"शेट्ये, पंखा."

तुम्हाला कळणार नाही म्हणून सांगते. सरांच्या डोक्यावरचा पंखा चार वर्षं करकरत होता. सर दर सोमवारी शेट्ये साहेबांना सांगायचे, आणि साहेब दर सोमवारी बघू म्हणायचे. त्या दिवशी साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. अर्ध्या तासात इलेक्ट्रिशियन आला, आणि त्याची शिडी शेट्ये साहेबांनी स्वतः धरली. त्यानंतर त्यांनी सरांना काही विचारलं नाही, पण जाता-येता टेबलाला नमस्कार करायला लागले. कुरियरची पाकिटंही हलवली.

मग आमचा कारखाना सुरू झाला. एक चहा, एक प्रश्न, एक पान. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला इतकी ॲसिडिटी झाली की मी जेवण सोडलं. अर्धा कप चालतो का बघितलं, चालला. थर्मासमधला चालला. चहा न पिता प्यायला म्हणून सांगितलं, तर ते काही चाललं नाही. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट वर येऊन विचारून गेली, ताई तुम्ही दिवसभर कोणाशी बोलता? मी म्हटलं, क्लायंटशी.

शुक्रवारी सहाच्या सुमारास नऊ फंक्शनं उरली होती. त्यातलंच एक ते अठरा मिनिटांचं. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'थांब'. मला आठवत होतं, एकदा मी त्या फाइलमध्ये शिरले तेव्हा सर म्हणाले होते, थांबला हात लावू नकोस. मी बरं म्हटलं आणि का म्हणून विचारलं नाही. मुद्दाम ते आधी विचारायचं ठरवलं, चहा प्यायले, विचारलं, आणि टूल चालवलं.

पानावर मला विचारा एवढंच. पुन्हा चहा, पुन्हा तेच. बाकीची आठ करून बघितली, तीही तशीच. शनिवारी सकाळी आलो, दुपारपर्यंत तेच. शेट्ये साहेबांनी कॉफी मागवून बघितली. मग ते हळूच म्हणाले, मनीषा, तू ते फंक्शन काढूनच टाक ना, सोमवारी सांगू दुरुस्त केलं म्हणून. एक बटण दाबायचं काम होतं. माझं बोट बटणावर गेलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण सर नको म्हणाले होते. मी म्हटलं, साहेब, एकदा काकूंकडे जाऊन येते, घरी एखादी वही असेल.

सरांच्या पत्नी फ्लोराकाकू तळ्याच्या पलीकडे राहतात. मुलं इस्राएलला, या इथेच. मी पोचले तेव्हा चार वाजले होते. काकू खिडकीशी नुसत्या बसल्या होत्या. काय सांगावं, कसं सांगावं... शेवटी जे झालं ते सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, रडतील तरी किंवा मला घालवून तरी देतील. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, आज शनिवार ना, आमचा शब्बाथ," त्या म्हणाल्या. "आज हे काही करायचे नाहीत. काल दिवस मावळल्यापासूनच थांबले असतील."

म्हणजे जसं काही सर आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सहा वर्षांत सरांनी एकदाही शनिवारी काम केलं नव्हतं. शुक्रवारी ऊन उतरलं की बॅग उचलून चालायला लागायचे, मग सर्व्हर पेटला तरी चालेल. मी विचारलं, मग आता कधी? काकू म्हणाल्या, आभाळात तीन तारे दिसले की. तोवर मीही गॅस पेटवत नाही, चहा मिळणार नाही हो तुला.

सव्वासहाला आम्ही गच्चीवर गेलो. पनवेलच्या आभाळात तारे शोधणं म्हणजे काय ते पनवेलकरच जाणे. एक दिसला. बऱ्याच वेळाने दुसरा दिसला. तिसरा दिसला म्हणून मी टाळ्या वाजवल्या, तर तो हलायला लागला. विमान निघालं. तसे चार तारे विमानतळाकडे उतरले. काकूंना पाऊण तास मान वर करून उभं राहण्याची सवय, माझी मान मोडायची वेळ आली. शेवटी खरा तिसरा दिसला, तेव्हा काकू खाली आल्या, गॅस पेटवला आणि मला चहा करून दिला. निघताना म्हणाल्या, काम झालं की सांग, देवाचे आभार मानायला मलिदा करू. आणि ह्यांना म्हणावं, स्वेटर कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मी बरं म्हटलं.

ऑफिसात नाझनीन वाट बघत होती. काकूंच्या चहावर आठही पानं धडाधड निघाली. सर खुशीत असावेत. मग 'थांब' विचारलं. यावरच सगळं अडलं होतं.

"हे माझं नाही. करंज्याच्या हौसाबाईला विचार. जाऊन विचार. फोन नको."

रविवारी सकाळी मी आणि नाझनीन तिच्या स्कूटरवरून करंज्याला. बंदरावर हौसाबाई म्हटल्यावर तिघांनी एकाच दिशेला हात केले. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, आणि खाली एक सत्तर-पंचाहत्तरीच्या बाई कावळ्यांना हाकलत बसलेल्या. मी आपटेकर सरांचं नाव काढलं, मशीन अठरा मिनिटं का थांबतं ते विचारायला आलोय म्हटलं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. सरांनी मशीन बसवलं तेव्हा ते बरोब्बर सातला रजिस्टर बंद करायचं, आणि रजिस्टर बंद झालं की जेट्टीवरचा मोठा दिवा आपोआप विझायचा. एकदा हौसाबाईंच्या मुलाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. तो वल्हवत वल्हवत खाडीच्या तोंडापर्यंत आला, समोर दिवा दिसत होता, आणि सात वाजले. दिवा गेला. अंधारात तोंड सापडेना. रात्रभर बोट भरकटली, दुसऱ्या दिवशी दुपारी भलत्याच किनाऱ्याला लागली. पोरगा वाचला. हौसाबाई तडक सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी त्याला बोलले, तुज्या मशीनला थांबायचा कलत नाय काय? मानूस येनार असला तं आमी जेवायला पन थांबतो. तो बोलला, मावशी, किती थांबू सांग. मी बोलले, भात शिजंपर्यंत थांब."

आणि आमचे सर, रसायनीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, हौसाबाईंच्या घरी चुलीसमोर पाट घेऊन बसले. हातात घड्याळ. आधण आल्यावर तांदूळ टाकले तेव्हापासून भात उतरवेपर्यंत अठरा मिनिटं. तीन दिवस लागोपाठ मोजलं, कारण एकदा मोजलेल्यावर त्यांचा विश्वास नसे. तिन्ही दिवस तिथेच जेवले. तेव्हापासून एखादी जरी बोट बाहेर असेल तर मशीन भात शिजेपर्यंत थांबतं, दिवा चालू ठेवतं. सगळ्या आल्या असतील तर लगेच बंद होतं. त्यानंतर दोन बोटी त्या अठरा मिनिटांत आत आल्या, बाईंनी त्यांची नावंही सांगितली.

मला एकदम शनिवारचं ते बटण आठवलं. मी बाईंना म्हटलं, मी ते काढून टाकणार होते. त्या म्हणाल्या, "नाय काढलास ना? मंग झाला. सायब बोलला होता, कवातरी एक बाई येल ईचारायला. लय उशीर केलास गो बाय. मी कवाची वाट बगते."

स्कूटरवर मागे बसून मी उरणपर्यंत रडले. नाझनीन पुढून विचारत होती, मॅडम हवा लागतेय का.

'थांब'वरची टीप मी स्वतः लिहिली, त्या दोन बोटींच्या नावांसकट. आयुष्यात इतकी मन लावून मी कुठलीच टीप लिहिली नव्हती. सोमवारी अकराला सेक्रेटरी आले. पानं चाळली, भरतीच्या गणितावर दोन प्रश्न विचारले, मग थांबचं पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मी पदर नसताना पदराला गाठी मारत होते. ते म्हणाले, त्या दोनातली एक बोट माझ्या काकाची होती. मग फाइल मिटली आणि म्हणाले, याला कोणी हात लावायचा नाही, काम तुमच्याकडेच राहील. शेट्ये साहेबांनी तिथल्या तिथे पंख्याकडे बघून हात जोडले.

त्याच संध्याकाळी काकूंनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. एक बशी सरांच्या टेबलावर ठेवली, पंखा चालू केला. स्वेटरचा निरोप मी दिला. उत्तर काही आलं नाही, तसं ते फंक्शनही नव्हतं म्हणा.

नाझनीनच्या सायबरवाल्या चुलतभावाने मशीन तपासलं. म्हणाला, जुनी एखादी फाइल कुठेतरी दडलेली असेल, टूल ती उचलत असेल. असेल बाबा. पण जुन्या फाइलला आम्ही चहा प्यायलोय की नाही ते कसं कळत होतं? यावर तो चहा न घेताच गेला. त्या सोमवारनंतर कितीही विचारलं तरी सरांच्या पानांवर पुन्हा मला विचारा एवढंच येतं. आम्ही पेन ड्राइव्हवर ठेवलेली पानं मात्र शाबूत आहेत. कशी आली, मला आजही सांगता येत नाही, आणि कोणी सांगू शकत असेल तर मी चहा पाजायला तयार आहे.

एक राहिलंच. मलिद्याच्या दिवशी नाझनीनने शेवटचं एकदा सगळं टूल चालवलं, माझ्या जावासकट. माझी तेवीस फंक्शनं आहेत. त्यांच्यावर टीप नाही... वेळ कुठे असतो. त्यांची पानं कोरी यायला हवी होती. तेवीसच्या तेवीस पानांवर रोमन कॅपिटलमध्ये एकच ओळ होती.

"मला काय विचारता? ही बसलीय ना अजून समोर, हिला विचारा."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी एका फंक्शनवर टीप लिहिते, सविस्तर, दहावीच्या पोरीला कळेल अशी. शेट्ये साहेबांना वाटतं मी सुधारले. तसं काही नाही. मेल्यावर वर्षभराने कोणाचा चहा झाला का याची चौकशी करत बसणं माझ्याने व्हायचं नाही, एवढंच.